पेशंट गाडीत घालायचा नाही

डॉक्टर व्हायला साडेपाच वर्षं लागतात. डॉक्टरसारखं दिसायला मात्र एक गाडी पुरते, हे सार्थकच्या ध्यानात तिसऱ्या वर्षाला आलं. पुण्याच्या कॉलेजात त्याच्या बॅचमधली पोरं मेसला जेवायला आली की गाडीची किल्ली ताटाशेजारी ठेवत. जणू वरणभाताबरोबर तीही वाढून घेतली होती. सार्थकच्या ताटाशेजारी पाण्याचा ग्लास असे. कवठे येमाईत ज्याला शाळेपासून सगळे 'डॉक्टर' म्हणत आले, त्याला पुण्यात कुणी 'सार्थक, मला जरा मागे बसव' एवढंही म्हणू शकत नव्हतं, कारण त्याच्याकडे बसवायला काही नव्हतंच.

घरी त्याने कारण दिलं ते असं, की पोस्टिंग लांबच्या हॉस्पिटलात लागतं आणि बसने वेळेवर पोचता येत नाही. यातलं पोस्टिंग खरं होतं. ते हॉस्पिटल हॉस्टेलपासून चालत गेलं तरी घाम येऊ नये इतकं जवळ होतं, तेवढं सांगायचं राहून गेलं.

त्याचे वडील मच्छिंद्रआबा गावच्या सोसायटीचे संचालक. पोराच्या शिक्षणाच्या बाबतीत ते देवळातल्या भक्तासारखे होते, म्हणजे प्रश्न विचारत नसत. सार्थकने आधी त्यांना मोबाइलवर महिन्याच्या भाड्याने मिळणाऱ्या गाड्या दाखवल्या. गाडी कंपनीची, विमा कंपनीचा, दुरुस्ती कंपनीची. आपण फक्त दरमहा भाडं भरायचं आणि नको झाली की परत करायची. आबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "म्हंजी गाडी आपल्या दारात आन् नाव दुसऱ्याचं? आरं, रान खंडानं करत्यात, बाग खंडानं करत्यात. दारातली गाडी खंडानं केलेली मी बापजन्मात ऐकली न्हाई. उद्या सोसायटीत कुणी इचारलं तर काय सांगू, पोरगं खंडाच्या गाडीत फिरतंय?"

तेव्हा गाडी विकतच घ्यायची ठरली, आणि ती शोधायचं काम पाटसच्या मामाकडे गेलं. मामा साखर कारखान्यात नोकरीला. त्याला दौंडात कोण काय विकतंय हे विकणाऱ्याच्या बायकोआधी कळतं. दौंडातले एक वयस्क डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे राहायला निघाले होते आणि त्यांची पांढरी गाडी विकायची होती. "डॉक्टरची गाडी डॉक्टरलाच," असं म्हणून मामाने सौदा जुळवला. मागच्या काचेवर डॉक्टरांचं लाल चिन्ह चिकटवलेलं होतं. ते काढायला हवं होतं, कारण सार्थक अजून कुणाचा डॉक्टर नव्हता. खरवडलं तर काचेवर डाग राहतील, असं तो मामाला म्हणाला. मामा हसला आणि चिन्ह राहिलं.

मामाकडून भाच्याला काहीतरी भेट हवी म्हणून मामा त्याला सीट कव्हरच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदार सांगत होता, आपल्याकडची धूळ बघून काळी नाहीतर चॉकलेटी घ्या. सार्थकने क्रीम कलरची घेतली, अगदी पांढऱ्याकडे झुकणारी. त्याच्या वर्गातल्या सायलीच्या गाडीत तसली होती. दौंडहून चौफुला, न्हावरे, शिरूर असं करत तो मामाला घेऊन गावाकडे निघाला, आणि उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकल्यावर दर वेळी मान वळवून मागची सीट बघून घेत होता.

दारात आई सवितानं गाडीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फुटला. पहिली फेरी यमाईच्या देवळाला. पुढच्या सीटवर कोण बसणार यावर आबा आणि मामा एकमेकांना आग्रह करत उभे राहिले, तोवर आबांची चुलती तुळजाबाई दार उघडून आत जाऊन बसली. "नातवाची गाडी हाय. पयली मी," ती म्हणाली. तुळजाबाईपुढे कुणाचं काही चालत नसे. तिच्या मुलाचं, विश्वजीतचंही चालत नसे, आणि त्याच्याकडे तर जीप होती.

त्या जीपविषयी सांगायला हवं, कारण कवठ्यात गाडी घेतली की तिच्याबरोबर एक काम आपसूक दारात येतं. गावात कुणी आजारी पडलं, कुणाला काही चावलं, कुणाची बाई अडली, की जवळ ज्याची गाडी असेल त्याच्या दारात जायचं आणि 'जरा शिरूरला सोडता का' एवढंच म्हणायचं. गाडीवाल्याने जेवत असला तरी हात धुऊन उठायचं. डिझेलचं कुणी विचारत नाही, कुणी देत नाही. पुढे कधीतरी सुगीला घरी शेंगांचं पोतं येतं, नाहीतर नुसताच रस्त्यात रामराम जरा लांबतो. विश्वजीतच्या जीपमध्ये तीन पोरं जन्माला आली असं तो सांगतो. गाव दोन धरतं. पण अमक्याने गाडी नाही दिली असं गावात कुणाविषयी ऐकलेलं नव्हतं.

महिन्याभराने एका रविवारी विश्वजीत जीप घेऊन लग्नाला गेला होता. सार्थकने सकाळपासून गाडी धुतली होती. आतून कपडा मारला होता, आरशाला वासाची डबी लटकवली होती. सायली आणि आणखी तिघं जण मुद्दाम सार्थकच्या गाडीत फिरायचं म्हणून पुण्याहून शिरूरला बसने येऊन थांबणार होते. तिथून त्यांना घेऊन निघोजचे रांजणखळगे दाखवायचे असा बेत होता. तो निघणार एवढ्यात पोपटची मोटरसायकल अंगणात शिरली.

पोपट गावाच्या खालच्या अंगाला, बुद्धविहाराशेजारी राहायचा. रांजणगावला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये कामाला होता. सार्थकपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, पण सार्थकला मेडिकलला नंबर लागल्यापासून 'अहो-जाहो' करायचा. त्याने गाडी स्टँडवर लावली, ती पडली, ती त्याने उचलली नाही.

"डॉक्टर, रश्मीला आठवा सरत आलाय. सकाळपास्नं रक्त जातंय. लई जातंय. जरा शिरूरला सोडता का?"

सार्थकच्या डोळ्यांसमोर रक्त आलं. पण ते रश्मीचं नव्हतं. क्रीम कलरच्या सीटवर पसरत गेलेलं, कोपऱ्यातल्या शिवणीत मुरलेलं, घासूनही न निघणारं असं ते रक्त होतं. सायली त्या डागाकडे बघून कपड्यांना काही लागू नये तशी अंग चोरून बसली आहे, इथपर्यंत त्याला दिसलं. आणि मग त्याच्या तोंडून एक आवाज आला, जो वॉर्डात राउंडला त्याचे सर काढत असत.

"पोपटदादा, असा पेशंट गाडीत घालायचा नाही. रस्त्याने धक्के बसले तर ब्लीडिंग वाढतं. ॲम्ब्युलन्सला फोन करा. त्यात स्ट्रेचर असतं, ऑक्सिजन असतो, वाटेत सलाईन लावता येतं. तोवर वहिनींना डाव्या कुशीवर झोपवा."

यातला एकही शब्द खोटा नव्हता, हीच त्यातली हरामखोरी. पुस्तकात लिहिलेलं सगळं त्याने बरोबर सांगितलं. स्वतःच्या मोबाइलवरून ॲम्ब्युलन्सला फोन लावावा, खालच्या अंगाला जाऊन बाईची नाडी तरी बघावी, ॲम्ब्युलन्सला किती वेळ लागणार आहे ते विचारावं, हेही पुस्तकात लिहिलेलं असतं. ते त्याला त्या वेळी आठवलं नाही.

"डाव्या कुशीवर," पोपट पाठ केल्यासारखं म्हणाला. सार्थकच्या तोंडाकडे त्याने क्षणभर पाहिलं, नंतर गाडीकडे पाहिलं, पडलेली मोटरसायकल उचलली आणि गेला.

सविता दारात उभी होती. "आरं, जाऊन बघायचं तरी."

"मी काय डॉक्टर झालोय का अजून?" सार्थक तिच्यावर खेकसला.

निघोजला त्या दिवशी खूप फोटो निघाले. खडकातल्या खोल खळग्यांकडे बघून सायली म्हणाली, पाण्याने एवढं कोरलं, कमाल आहे. गाडीत बसताना ती म्हणाली, सीट छान आहेत. सार्थक ज्या दोन शब्दांसाठी एवढा झुरला होता ते त्याला मिळाले, पण परतताना त्याने दोनदा खिडकी उघडली.

रश्मी वाचली. ॲम्ब्युलन्स वेळेवर मिळाली, वाटेत सलाईन लागलं, ऑपरेशन झालं, मुलगी झाली. तिथल्या डॉक्टरीणबाई पोपटला म्हणाल्या, ॲम्ब्युलन्सने आणलंत ते बरं केलंत. ही गोष्ट पोपटने कंपनीच्या कँटीनमध्ये सांगितली, विहारात सांगितली, पारावर सांगितली. सांगताना तो सार्थकचे शब्द जसेच्या तसे सांगे, डाव्या कुशीसकट. लोकांनी डावी कूस सोडून दिली आणि सोपं तेवढं उचललं. 'पेशंट गाडीत घालायचा न्हाई. डॉक्टरनं सांगितलंय.'

मच्छिंद्रआबांनी तर ते सोसायटीच्या कचेरीत, लग्नाच्या मांडवात, मलठणच्या बाजारात सगळीकडे सांगितलं. कुणाचा हात मोडला, कुणाच्या पोराला झटके आले, की आबा म्हणत, आमच्या सार्थकचं सांगणं हाय, हलवू नका. विश्वजीतने जीपची किल्ली खुंटीला लावून टाकली. त्यालाही बरंच होतं, डिझेल वाचत होतं. आबा फोनवर सार्थकला म्हणाले, "लई नाव झालं बाबा तुझं." सार्थक 'हं' म्हणाला. त्याच वेळी त्याला सांगता आलं असतं, की आबा, सगळ्याच पेशंटला ते लागू नाही, कधी कधी मिळेल त्या गाडीत घालून पळावं लागतं. पण तसं सांगायचं तर पुढचा प्रश्न आला असता की मग पोपटला का तसं बोललास. म्हणून तो 'हं' म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर हॉस्टेलच्या खोलीत एकटाच असूनही त्याचे कान तापले. लाज ही चार लोकांतच वाटते असा त्याचा समज होता.

पोरीचं नाव ठेवायच्या दिवशी पोपटने विहारात सार्थकचा सत्कार ठरवला. सार्थकने परीक्षेचं निमित्त सांगून पाहिलं. आबांनी ऐकलं नाही. आबा आयुष्यात पहिल्यांदा विहाराच्या आत पुढच्या खुर्चीवर बसले होते आणि त्यांच्या टोपीला नवी घडी होती. वंदना झाली, मुलीचं नाव सुवर्णा ठेवलं, मग पोपटने माइक हातात घेतला. त्याला भाषणाची सवय नव्हती. तो एवढंच म्हणाला, "शिकलेला माणूस गावात असला म्हंजी काय व्हतं, ते मला कळालं. माझ्या मनात कुणाविषयी काय असंल नसंल, ते सगळं आज मी धुऊन काढलं." हे शेवटचं वाक्य कुणाला कळलं नाही. टाळ्या मात्र पडल्या.

शाल घातली, गुलाबाचं फूल दिलं, संविधानाच्या उद्देशिकेची चौकट हातात दिली. पोपटची आई ताईबाई पुढे आली आणि सार्थकच्या गालांवरून हात फिरवून तिने कानशिलावर बोटं मोडली. रश्मीने पोर त्याच्या मांडीवर ठेवलं. ते झोपलेलं होतं आणि त्याच्या टाळूवरची कातडी श्वासासारखी वरखाली होत होती. मग कुणीतरी माइक सार्थकच्या तोंडाशी धरला.

खरं सांगून टाकायचं असं त्याने रात्रभर ठरवलं होतं. तोंड उघडलंही. समोर आबांची टोपी होती, बाजूला ताईबाईचे पाणावलेले डोळे होते. "मी फक्त माझं कर्तव्य केलं," सार्थक म्हणाला.

आपल्याकडे कर्तव्य हा मोठा सोयीचा शब्द आहे, अंगावर ओढला की खालचं काही दिसत नाही. सार्थकने तो ओढला खरा, पण आतून त्याला स्वतःची शिसारी आली. परतताना ती चौकट त्याने मागच्या सीटवर ठेवली आणि घर येईपर्यंत आरशात पाहिलं नाही.

उन्हाळी कांदा काढायला आला तेव्हाची गोष्ट. सार्थक शनिवारी दुपारी पुण्याहून घरी पोचला तर घराला कडी. विश्वजीतच्या अंगणात माणसं जमलेली दिसली म्हणून तो तिकडेच गाडी घेऊन गेला.

अंगणात लिंबाखाली बाजेवर तुळजाबाई होती. कांदा काढायला बसलेल्या बायकांत तिला एकाएकी गरगरलं होतं. तिचं लुगडं घामाने चिंब झालं होतं, तोंडाचा रंग राखेचा, उजव्या हाताने छाती दाबून धरलेली, आणि डावा हात ती सारखी चोळत होती. वर्गात तिसऱ्या बाकावरून ऐकलेलं सगळं सार्थकच्या समोर बाजेवर पडलं होतं.

"कधीपासून असं होतंय?"

"तासभर झाला आसंल," विश्वजीत म्हणाला. "ॲम्ब्युलन्सला फोन केलाय. इथली रांजणगावच्या अपघाताला गेलीय. दुसरी येतीय लांबनं."

तासभर. बाजेपासून दहा पावलांवर जीप उभी होती. तिच्यापलीकडे आणखी कुणाची तरी गाडी होती. सगळा गाव त्या गाड्यांकडे पाठ करून वाटेकडे डोळे लावून बसला होता.

"जीप आहे ना दारात? घाला की तिला. चला, उचला."

कुणी हललं नाही. गुरुजींनीच पाढा चुकीचा म्हटल्यासारखं विश्वजीतने त्याच्याकडे पाहिलं. "पेशंट गाडीत घालायचा न्हाई, तूच सांगितलंय ना?"

"ती केस वेगळी होती. ही वेगळी आहे."

"वेगळी कशी? तिला धक्का चालत न्हाई आन् हिच्या काळजाला चालतो व्हय?"

"मला हलवू नगा रं," तुळजाबाई बाजेवरून म्हणाली. तिला बोलायलाही दम लागत होता. "पोपटची बायकू थांबली, ती वाचली. मी बी थांबते."

पोपटला सुट्टी होती. तो ऐकून धावत आला होता आणि बाजेच्या पायथ्याशी उभा होता. त्याने सार्थकच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातात फार विश्वास होता. "डॉक्टर, घरचं माणूस हाय म्हणून तुमी घाबरलाय. माझं बी तसंच झालं व्हतं. तुमीच मला धीर दिलाता. थांबू. येईल गाडी."

आबा मान हलवत होते. सविता फक्त मुलाकडे बघत होती. सार्थकने आणखी एकदा समजावायचा प्रयत्न केला. हृदयाची नळी बंद होते, मिनिटामिनिटाला मांस मरतं, असं तो काहीबाही म्हणाला. पण त्याचा तो वॉर्डातला आवाज नेमका त्या दिवशी निघेना. त्याच्या एका खोट्याला गावाने जेवढं मानलं होतं तेवढं त्याच्या खऱ्याला मानायला कुणी तयार नव्हतं. तुळजाबाईला उलटीचा उमासा आला आणि तिची मान एका बाजूला कलली.

"त्या दिवशीही घालता आली असती," सार्थक ओरडला. "पोपटदादा, तुमची बायको त्या दिवशी माझ्या गाडीत घालता आली असती. मी सीटसाठी नाही म्हणालो. नवीन कव्हरं होती, रक्ताचे डाग पडतील म्हणून. बाकी सगळं तोंडाला येईल ते बोललो. ॲम्ब्युलन्स आली नसती तर ती मेली असती. आता हिला मारू नका, उचला."

आबांचा हात टोपीकडे गेला आणि तिथेच राहिला. सार्थकला वाटलं, आता जमीन फाटेल तर बरं. ती काही फाटली नाही. तुळजाबाई कण्हली.

सगळ्यात आधी पोपट हलला. त्याने सार्थककडे पाहिलं नाही. तो वाकला आणि त्याने बाजेचा पायथ्याकडचा खूर धरला. "विश्वजीतराव, उशाकडनं धरा," तो म्हणाला.

जीपमध्ये मागे कांद्याच्या गोण्या होत्या, म्हणून तिला सार्थकच्याच गाडीत घातली. विश्वजीत चालवायला, पोपट पुढे, मागे तुळजाबाईला छातीशी टेकवून सार्थक. मलठणच्या पुढे ती ओकली. ते सीटवर, सार्थकच्या शर्टावर, दाराच्या कडेला सगळीकडे गेलं. त्याने तिचं तोंड स्वतःच्या रुमालाने पुसलं आणि मनगटावरची नाडी पुन्हा धरली. पोपट पुढे बसून हॉस्पिटलला फोनवर सांगत होता, बाईमाणूस हाय, छातीत कळ हाय, आम्ही आलोच.

शिरूरला तिला ताबडतोब आत घेतलं. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले. जीव वाचला होता. पण हृदयाचा मोठा भाग कमजोर झाला होता, आता कांद्याची पात उपटायलाही तिला दम लागणार होता. "त्रास सुरू झाल्यावर लगेच का नाही आणलं?" त्यांनी विचारलं. "घरी गाडी नव्हती का?"

विश्वजीतने हातातली किल्ली मुठीत झाकली. मागाहून मोटरसायकलवर बसून आलेले आबा भिंतीला टेकून उभे होते. डॉक्टर आत गेल्यावर ते सार्थकला एवढंच म्हणाले, "मी तुझं सांगणं चार गावांत सांगितलं रं." आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ते रागाने बोललेच नाहीत, एखादी हरवलेली वस्तू विचारावी तसे बोलले. मग ते बाकावर बसले आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

गाडीची दारं उघडीच राहिली होती, ती लावायला सार्थक खाली आला. पोपट गाडीशेजारच्या कट्ट्यावर बसला होता. ऊन उतरलं होतं. गाडीतून वास येत होता. सार्थकला परत वर जावंसं वाटलं, पण पोपटने त्याला पाहिलं होतं आणि बाजूला सरकून जागा केली होती. सार्थक बसला.

"पोपटदादा, मी..."

"थांबा. मला आधी बोलू द्या," पोपट म्हणाला. "त्या दिवशी तुमच्या दारातनं माघारी फिरलो ना, तवा माझ्या मनात लई वंगाळ आलं व्हतं. म्हणलं, आमची बाई म्हणून न्हाई म्हणला. विश्वजीतची जीप सगळ्यांना जाती. मग ह्येची का जाईना? घरी कुणाला बोललो न्हाई. आईला न्हाई, रश्मीला बी न्हाई. मग हास्पिटलात त्या डॉक्टरीणबाई म्हणल्या, ॲम्ब्युलन्सनं आणली ते बरं केलं. तवा मला माझीच लाज वाटली. एवढं शिकलेलं पोरगं, भल्याचं सांगतंय, आन् मी त्याच्यावर असला संशय घेतला. झोप लागंना मला. म्हणून तो सत्कार केला. तुमाला मान द्यायचा म्हणून न्हवं, माझ्या मनातलं फेडायचं म्हणून."

माफ करा, हा शब्द त्याच्याकडे होता. पण एवढ्यावर तो टाकायचा म्हणजे पुराच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकण्यासारखं होतं.

"मघाशी तुमी म्हणालात, सीटसाठी," पोपट म्हणाला.

"हो."

"सीटचंच व्हतं ना? दुसरं काय न्हवतं ना?"

"नाही. खरंच सीटचंच होतं," सार्थक घाईने म्हणाला. एवढं तरी खरं आहे याचा त्याला आधार वाटला. लाजेलाही एक तळ असतो आणि आपले पाय त्याला लागले, असं त्याला वाटलं.

पोपटने उघड्या दारातून आत पाहिलं. मागची सीट भिजून पिवळी पडली होती आणि ते ओघळून खाली वाळत चाललं होतं. तो शांतपणे, नीट बघत होता. मग त्याने मान वळवली. त्याच्या तोंडावर राग नव्हता. शिकलेल्या माणसाला एखादी गोष्ट विचारून घ्यावी तसं त्याने विचारलं.

"मग आज न्हवती का आठवली कव्हरं?"

सार्थकने आठवून पाहिलं. तुळजाबाईला बाजेवरून उचललं तेव्हा, तिला आत सरकवताना, ती ओकली तेव्हा, त्या सबंध वाटेत. त्याने अगदी खरेपणाने शोधलं.

"नाही," तो म्हणाला. "आज आठवली नाहीत."